एसयूव्हीत ट्रॅक्शन कंट्रोलची लाईट लागलीय? पार्ट बदलायच्या आधी हे क्रमाने तपासा

गाडीचं छोटं चित्र आणि त्याच्या मागे दोन नागमोडी रेषा, अशी पिवळी लाईट डॅशबोर्डवर आली की नवीन एसयूव्ही घेतलेल्या माणसाच्या पोटात गोळाच येतो. माझ्या डिझेल गाडीला ही लाईट पावसात लागायची आणि दोन दिवस ऊन पडलं की आपोआप जायची, आणि मी गॅरेजमध्ये दाखवायला नेली तर तिथे मला सरळ एबीएसचं (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सिस्टीम) अख्खं मॉड्यूल, म्हणजे तिचा कंप्युटरचा डबाच, बदलायचं कोटेशन हातात दिलं. शेवटी निघालं काय, तर मागच्या डाव्या चाकाजवळची एक वायर आतल्या आत तुटलेली. म्हणून नवीन लोकांना माझं एकच कळकळीचं सांगणं आहे, कोड (गाडीच्या कंप्युटरने नोंदवलेला बिघाडाचा नंबर) वाचल्याशिवाय आणि चाकापाशी वाकून स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

तपासणी सोपी आहे, फक्त क्रम पाळायचा. फुकटात होणारं आधी, खर्चाचं शेवटी.

आधी दोन मिनिटं हे समजून घ्या

ट्रॅक्शन कंट्रोलचे स्वतःचे असे वेगळे पार्ट जवळपास नसतातच, ते एबीएसच्याच सामानावर चालतं. चार चाकांना चार स्पीड सेन्सर असतात, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जोरात फिरायला लागलं की ते घसरतंय असं कंप्युटरला कळतं, मग तो त्या एकाच चाकाला ब्रेक लावतो आणि इंजिनची ताकदही कमी करतो. ईएसपीमध्ये, म्हणजे गाडी घसरून फिरू नये म्हणून सांभाळणाऱ्या सिस्टीममध्ये, याच्या जोडीला स्टिअरिंग किती वळवलंय ते सांगणारा सेन्सर आणि गाडी स्वतःभोवती किती फिरतेय ते सांगणारा यॉ सेन्सर असतो. कंपनीप्रमाणे नाव बदलतं, कुणी ईएसपी म्हणतं, कुणी ईएससी, व्हीएससी, व्हीडीसी, काम तेच. १९९५ मध्ये मर्सिडीज आणि बॉशने हे पहिल्यांदा गाडीत आणलं आणि आता आपल्याकडे भारत एनकॅपमध्ये (गाड्यांच्या सुरक्षेला स्टार देणारी क्रॅश टेस्ट) तीन किंवा जास्त स्टार हवे असतील तर ईएससी असावंच लागतं, त्यामुळे ही लाईट आता फक्त महागड्या गाड्यांची राहिलेली नाही.

यातून लक्षात ठेवायचं ते एवढंच की इतके सेन्सर एकाच लाईटवर येऊन मिळतात, म्हणजे लाईट एक असली तरी कारणं दहा असू शकतात.

१. लाईट कशी लागलीय ते नीट बघा

मोबाईलवर डॅशबोर्डचा फोटो काढून ठेवा, कारण गॅरेजला पोचेपर्यंत लाईट जाऊ शकते आणि मग आपलं बोलणं कुणी मनावर घेत नाही.

फक्त लुकलुकत असेल, तेही ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर, तर बिघाड नाहीये, सिस्टीम काम करतेय. पाय थोडा सैल सोडा, बस. मात्र कोरड्या सरळ रस्त्यावर सावकाश जातानाही लुकलुकत असेल तर एखादा सेन्सर चुकीचा वेग सांगतोय.

लाईटखाली ऑफ असं लिहिलेलं असेल तर बहुतेक कुणीतरी बटण दाबलंय. गाडी धुताना किंवा लहान मुलं पुढे बसली की हे सर्रास होतं. फोर बाय फोर गाडी लो रेंजला टाकली की बऱ्याच गाड्यांत ईएसपी आपोआप बंद होतं, ते नॉर्मल आहे.

एकटी ट्रॅक्शनची लाईट कायम लागलेली असेल आणि एबीएसची नसेल, तर संशय स्टिअरिंग सेन्सर, यॉ सेन्सर, ब्रेक स्विच किंवा इंजिनकडच्या बिघाडावर. एबीएसचीही लागलेली असेल तर नव्याण्णव टक्के नाही म्हणणार मी, पण पहिला संशय चाकाच्या सेन्सरवर किंवा त्याच्या वायरवरच घ्यायचा. चेक इंजिनची सोबत असेल तर आधी इंजिनचा कोड सोडवा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. ट्रॅक्शन, एबीएस आणि लाल ब्रेकची लाईट, तिन्ही एकत्र लागल्या तर गाडी बाजूला घ्या. पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेकचा जोर वाटून देणारं ईबीडी बंद पडलेलं असू शकतं, म्हणजे जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरू शकते. बोनेट उघडून ब्रेक ऑईलची पातळी बघा, कमी असेल तर गळती कुठे आहे ते कळेपर्यंत नुसतं ऑईल टाकून पुढे जाऊ नका. टोइंग बोलवा.

फक्त पिवळी ट्रॅक्शनची असेल तर गाडी घरापर्यंत नेता येते, साधे ब्रेक चालू असतात. पण हिल होल्डही बंद पडतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, ताम्हिणी किंवा आंबोलीच्या चढावर ट्रॅफिकमध्ये थांबलात की ब्रेक सोडल्यासोडल्या गाडी मागे येईल, हँडब्रेक वापरा.

२. घरच्या घरी, पैसे न घालवता

गाडी बंद करून किल्ली काढा, पाच मिनिटांनी परत चालू करा आणि थोडं चालवून बघा. लाईट गेली आणि परत आलीच नाही तर सोडून द्या. परत आली तर पुढे:

टायर बघा. चारही टायर एकाच साईझचे आहेत का, एकाच जोडीत एक नवाकोरा आणि एक गुळगुळीत असं तर नाहीये ना, हवा दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे आहे का. आणि स्टेपनी! आजकाल बऱ्याच एसयूव्हींना स्टेपनी लहान साईझची देतात, वर ८० किमीच्या पुढे जाऊ नका असं लिहिलेलं असतं. पंक्चर झाल्यावर ती लावून फिरलात तर ते चाक कायम जास्त वेगाने फिरतंय असं सेन्सर सांगणार आणि लाईट लागू शकते. मूळ टायर परत लावा आणि मगच पुढचा विचार करा.

ब्रेकची मागची लाईट बघा. कुणाला तरी मागे उभं करा, पेडल दाबलं की लागते का, सोडलं की जाते का. कायम लागून राहत असेल किंवा लागतच नसेल तर पेडलजवळचा ब्रेक स्विच गेलाय. क्रूझ कंट्रोल चालत नाही, ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर पी मधून निघत नाही, ही पण त्याचीच लक्षणं. काही शे रुपयांचा पार्ट असतो बहुतेक गाड्यांत.

बॅटरी मोजा. गाडी रात्रभर उभी असताना मल्टिमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला पाहिजे. बॅटरी उतरलेली असेल तर सेल्फ मारताना व्होल्टेज एवढं खाली जातं की एकदम चार-पाच लाईट लागतात आणि माणूस घाबरतो. टर्मिनलवर पांढरं-हिरवं बुरशीसारखं साचलं असेल तर गरम पाण्याने साफ करून घट्ट करा.

३. कोड वाचा, आणि योग्य स्कॅनरने वाचा

इथे बहुतेक लोक फसतात. हजारभर रुपयांचा ब्लूटूथ ईएलएम३२७ डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून मोबाईलशी जोडायचं छोटं यंत्र) आणतात, फुकटचं ॲप टाकतात, ॲप म्हणतं 'एकही कोड नाही', आणि लाईट तर समोर लागलेलीच. कारण साधी ॲप फक्त इंजिनचे, म्हणजे पी ने सुरू होणारे कोड वाचतात. आपल्याला हवे असतात एबीएसचे, ते सी ने सुरू होतात, आणि मॉड्यूलचं आपसातलं बोलणं तुटलं असेल तर यू ने. त्यामुळे एबीएस वाचता येतो असं स्पष्ट लिहिलेला स्कॅनर घ्या किंवा जवळच्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे स्कॅन करून घ्या, पाचशे-हजार रुपयांत काम होतं. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथ डोंगल घेऊ नये, जोडलाच जात नाही, वायफायवाला किंवा आयफोनला चालतो असं लिहिलेला घ्या.

कॉमन कोड असे:

- सी००३५ पुढचं डावं चाक, सी००४० पुढचं उजवं
- सी००४५ मागचं डावं, सी००५० मागचं उजवं
- सी००५१ स्टिअरिंगचा सेन्सर, सी००६३ यॉ सेन्सर
- यू०१२१ एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला
- पी०५७१ आणि पी०५०४ ब्रेक स्विच

कंपन्यांचे स्वतःचे सी१ ने सुरू होणारे कोडही असतात, ते तुमच्या मॉडेलच्या नावाने शोधा.

कोड पुसायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढाच. गॅरेजमध्ये पोरगा येतो, स्कॅनर लावतो, डिलीट दाबतो आणि 'झालं सर' म्हणतो. लाईट जाते, कारण तसंच राहतं, आणि पुरावाही गेलेला असतो. अजून एक, कोड 'मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर' म्हणतो म्हणजे सेन्सरच खराब आहे असं नाही, त्या चाकाकडून येणारी माहिती बिघडलीय एवढंच त्याला कळतं. सेन्सर, वायर, कनेक्टर, बेअरिंग, काहीही असू शकतं.

४. लाईव्ह डेटा बघा, खरी गंमत इथे आहे

स्कॅनरमध्ये चारही चाकांचा वेग एकाच वेळी दाखवणारं पान असतं. मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी २०-३० च्या वेगाने सरळ न्या, आणि स्क्रीन बघायचं काम शेजारी बसलेल्याने करायचं, चालवणाऱ्याने नाही. चारही आकडे जवळपास सारखे पाहिजेत, म्हणजे २४, २४, २५, २४ असे. वळणावर बाहेरची चाकं जास्त दाखवतात, ते बरोबर आहे.

एक आकडा कायम शून्य असेल तर वायर तुटलीय किंवा सेन्सर मेला. मधेच शून्य होऊन परत येत असेल, विशेषतः खड्ड्यात, तर वायर किंवा कनेक्टर सैल. आणि गाडी हळूहळू थांबवताना तीन चाकं ३-४ पर्यंत दाखवतात पण एक मात्र ८ वरूनच धाडकन शून्यावर जातं, हे दिसलं तर सेन्सरची वायर ठीक आहे पण त्याच्यासमोर फिरणारी दातेरी किंवा चुंबकाची रिंग खराब आहे, गंजलीय, नाहीतर सेन्सर आणि रिंगमधलं अंतर वाढलंय. माझ्या गाडीत मागचा डावा आकडा स्पीड ब्रेकरवर दरवेळी शून्य व्हायचा आणि लगेच परत यायचा, तिथेच कळलं की मॉड्यूलचा काही संबंध नाही. एवढी एक टेस्ट केली तरी चुकीच्या खर्चातून बहुतेक जण वाचतील.

५. चाकापाशी जा

लागणारं सामान: जॅक, दोन जॅक स्टँड, चाकाचा पाना, ८ आणि १० नंबरचा सॉकेट, ॲलन की आणि टॉर्क्सचा सेट, मल्टिमीटर, डब्ल्यूडी-४०, कॉन्टॅक्ट क्लीनर, जुना टूथब्रश, पॉलिश पेपर, टॉर्च.

पुढच्या चाकासाठी बऱ्याचदा जॅक लावायचीही गरज नसते, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि टॉर्च मारा, हबपासून (चाकाचा मधला भाग) शॉकअबकडे जाणारी सेन्सरची काळी वायर दिसते. मागच्यासाठी गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा विटा, चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल, मग जॅक, मग स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-डोकं घालू नका, एसयूव्ही दोन टनाच्या आसपास असते.

आधी काहीही न खोलता वायर टोकापासून टोकापर्यंत बघा. शॉकअब, बेअरिंग किंवा ब्रेकपॅडचं काम नुकतंच झालं असेल तर वायर धरून ठेवणारी क्लिप परत लावलेली नसते, मग ती लोंबकळते आणि टायरला घासते. उंदरांचं तर विचारू नका, पावसाळ्यात पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या वायरी कुरतडणं रोजचंच. बाहेरून धड दिसणारी वायर दोन बोटांत धरून हळूहळू वाकवत जा, आतून तुटलेल्या जागी ती एकदम लुळी लागते. माझ्या वायरीवर बाहेर एक ओरखडासुद्धा नव्हता, पण वाकवली तशी घडी पडली, आवरण चिरलं तर आत तांब्याच्या जागी हिरवी भुकटी. पाणी आत शिरलं की लाईट लागणार, सुकलं की जाणार, पावसाळ्यातलं कोडं हेच. कोकणात समुद्राजवळ राहणाऱ्यांना हे जरा जास्तच भोगावं लागतं, खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिनाही हिरव्या होतात. कनेक्टर काढून क्लीनर मारा, ब्रशने घासा, कोरडा करून टिकटिक आवाज येईपर्यंत बसवा.

वायर ठीक असेल तर सेन्सर काढायचा. एकच बोल्ट असतो, पण सेन्सर गंजामुळे भोकात इतका घट्ट बसतो की पक्कड लावून ओढला तर डोकं तुटून अर्धा आत राहतो. डब्ल्यूडी-४० मारून अर्धा तास थांबा, मग डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवत काढा. नवीन सेन्सर हाताशी नसताना गावाला निघायच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका. टोकाला लोखंडाचा बारीक चुरा चिकटलेला असतो, तो फडक्याने पुसा, भोकातला गंज पॉलिश पेपरने साफ करा, बोल्ट बेताने आवळा.

मल्टिमीटरबद्दल सावध. जुन्या प्रकारच्या सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण हजार-दोन हजार ओहम येतो, तो मोजता येतो. आजकालच्या बहुतेक गाड्यांत आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला ॲक्टिव्ह सेन्सर असतो, त्याला ओहमवर लावून काही कळत नाही, उलट तो बिघडू शकतो. डाव्या-उजव्याचा पार्ट नंबर एकच असेल तर दोन्हींची अदलाबदल करा, कोडही दुसऱ्या चाकावर गेला तर सेन्सर खराब, तिथेच राहिला तर वायर किंवा रिंग.

बेअरिंगचा सापळा वेगळा सांगतो कारण यात चांगले मेकॅनिकही अडकतात. बऱ्याच गाड्यांत चुंबकाची रिंग बेअरिंगच्या एकाच बाजूला, सीलमध्येच असते, दिसायला दोन्ही बाजू सारख्याच काळ्या. बेअरिंग उलटं दाबून बसवलं की सेन्सरला काहीच दिसत नाही. बेअरिंग बदलल्यावर लगेच लाईट आली तर सरळ हाच प्रश्न विचारा. बसवायच्या आधी कागदाची टाचणी लावून बघायची, जिथे हलकी चिकटते ती सेन्सरची बाजू. मोठं चुंबक मात्र जवळ नेऊ नका.

तुटलेली वायर पिळून वर टेप मारून देतात, ते पुढच्या पावसापर्यंतही टिकत नाही. बॉडीच्या बाजूला असेल तर सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी, आणि चाकासोबत सतत हलणाऱ्या भागात असेल तर वायरीसकट नवीन सेन्सरच घ्या, हलत्या भागात सोल्डरचा जोड परत तुटतो. पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत ओपेरा हाऊस, पण चासी नंबर देऊनच पार्ट काढा, एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणे कनेक्टर बदलतो.

६. स्टिअरिंगचा कोड असेल तर

अलाईनमेंट केल्यावर किंवा बॅटरी काढून लावल्यावर लाईट आली असेल तर घाबरू नका. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, मधे आणा आणि थोडं सरळ चालवा, बऱ्याच गाड्यांत लाईट जाते. नाहीच गेली तर स्कॅनरने स्टिअरिंग अँगल कॅलिब्रेट करावा लागतो, काही मिनिटांचं काम आहे. पण सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहत असेल तर आधी अलाईनमेंट नीट करून घ्या, नाहीतर तिरकंच 'सरळ' म्हणून सेव्ह होईल. यॉ सेन्सर बहुधा सीटखाली किंवा मधल्या कन्सोलखाली असतो, सीट कव्हर किंवा मॅटिंगचं काम करताना तिथला कनेक्टर हललाय का बघा.

७. दुरुस्तीनंतर

कोड पुसा आणि गाडी चालवा. काही गाड्यांत लाईट लगेच जात नाही, २०-३० चा वेग गाठून सेन्सरची खात्री पटल्यावरच जाते. मग परत लाईव्ह डेटा बघा, गाडी धुवायच्या पाइपने त्या चाकापाशी पाणी मारा आणि परत एकदा चालवा. कोरड्यात पास झालं म्हणून पैसे देऊन मोकळे होऊ नका.

८. सर्व्हिस सेंटरला जायचं असेल तर

गाडी वॉरंटीत असेल तर पाचवा टप्पा स्वतः करू नका, वायर कापलेली दिसली की क्लेम नाकारतात. बाहेरून लावलेले फॉग लॅम्प किंवा म्युझिक सिस्टीमसाठी जोडलेल्या वायरींवरही बोट ठेवतात. सोबत न्या:

- आरसीची प्रत, वॉरंटी किंवा एक्सटेंडेड वॉरंटीची कागदपत्रं
- आधीच्या सर्व्हिसची बिलं, टायर आणि अलाईनमेंटची सुद्धा
- डॅशबोर्डचे आणि कोडचे फोटो, लाईट कधी लागते त्याची नोंद (पावसात, खड्ड्यात, थंड असताना)
- उंदरांनी वायर खाल्ली असेल तर विमा पॉलिसी आणि काही हलवायच्या आधीचे फोटो

जॉब कार्डवर नुसतं 'ईएसपी लाईट' लिहू देऊ नका, 'पावसात एबीएस आणि ईएसपी लाईट लागते, मागच्या डाव्या चाकाचा वेग मधेच शून्य दाखवतो' असं पूर्ण लिहायला लावा. मॉड्यूल बदलायचं म्हणाले तर कुठल्या कोडवरून म्हणताय, आणि त्या मॉड्यूलच्या कनेक्टरला करंट आणि अर्थिंग नीट येतंय का ते तपासलंय का, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर मिळेपर्यंत सही करू नका, आणि पार्ट बदललाच तर जुना पार्ट परत मागून घ्या, वॉरंटीबाहेर पैसे तुम्ही देताय तर तो तुमचाच आहे.